मोकबाईंचं ‘कसंही चालेल’

डबे परत आले ते दुपारच्या चहाच्या वेळेला, म्हणजे अख्खी गल्ली खाली उतरलेली असते तेव्हा. पोक बेकरीवाल्याची व्हॅन सकाळी हुंग हॉमला गेली होती तशीच माघारी आली. लाल डब्यांवर लाल डबे, दोऱ्यांच्या गाठीही न सुटलेल्या. त्याच्या ‘हाप हिंग’ बेकरीच्या दारात अननस पावांचा गरम ट्रे नुकताच भट्टीतून बाहेर पडला होता आणि त्याच्यासाठी थांबलेल्या बायकांनी पावाकडे पाठ फिरवून व्हॅनकडे तोंड केलं. असा योग आमच्या ‘तो क्वा वान’ वस्तीत वर्षातून एखाद्याच वेळी येतो.

नवऱ्या मुलाची आई लायक्वान त्याच घोळक्यात होती, एका हातात ट्रे आणि दुसऱ्या हातात चिमटा घेऊन. पोकने हाताचं पीठ एप्रनला पुसलं आणि तिच्या कानाशी येऊन हळूच सांगितलं की मोकबाईंनी, म्हणजे तिच्या होणाऱ्या विहिणीने, एकही डबा ठेवून घेतला नाही, सगळे घेऊन जा म्हणाल्या, वर व्हॅनवाल्याला चहाही पाजला. आमच्या मालात काही खोट निघाली का, असं त्याने तीनदा विचारलं. लायक्वान म्हणाली, माल चांगला आहे, डबे जिन्याखाली थंड जागी ठेव आणि मला अननस पाव जरा जास्त बांधून दे, आज घरी माणसं वाढणार आहेत.

तिचा अंदाज खरा ठरला. ती पिशवी घेऊन वर पोचते न पोचते तोच तिच्या सासूबाईंनी, म्हणजे आजींनी, फोनवर लेकीला बोलावून घेतलं होतं. फुईयी नॉर्थ पॉइंटहून बोगद्यातून टॅक्सी करून आली, म्हणजे प्रकरण किती गंभीर होतं ते समजावं, कारण फुईयीचा नवरा जागांचा दलाल असला आणि पैशाची कमी नसली, तरी बोगद्याचा टोल तिच्या जिवावर येतो.

आता यात गंभीर काय ते सांगायला हवं. लग्न ठरलं की मुलाच्या घरून मुलीच्या घरी नवरीचे केक जातात, कुणात मुगाचं पिवळं पुरण, कुणात कमळबियांचं तांबडं. ते खायचे मुलीच्या नातेवाइकांनी. ज्याच्या घरी डबा पोचला त्याला आमंत्रण पोचलं. मुलीकडच्यांनी त्यातले थोडे शिष्टाचार म्हणून परत पाठवायचे, निम्मे पाठवले तर फारच शोभून दिसतं. पण सगळे परत पाठवले तर त्याचा अर्थ एकच होतो, आणि तो गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही कळतो. लग्न मोडलं.

“मी म्हणतच होते,” आजी म्हणाल्या.

त्या असं काही म्हणत नव्हत्या. गेल्या रविवारी चहाघरात दोन्ही घरं बसली होती, तेव्हापासून त्या काय काय म्हणाल्या ते सगळ्यांना पाठ होतं. त्या दिवशी आजींनीच रीतसर विचारलं होतं, “मोकबाई, केक कुठले आणि किती लागतील? संकोच करू नका, आकडा सांगा.” मोकबाईंनी किटलीचं झाकण तिरकं करून ठेवलं, वेटर गरम पाणी ओतून जाईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, “कसंही चालेल.”

आमच्याकडच्या माणसाच्या तोंडून ‘कसंही चालेल’ बाहेर पडलं की शहाण्याने सावध व्हावं. जेवायला काय करू विचारलं की कसंही चालेल म्हणतात आणि ताटात येईल त्याला नाकं मुरडतात. या दोन शब्दांवर जितके संसार ठेचकाळलेत तितके जुगारावर नसतील. फुईयीने त्याचा अर्थ लावला की बाई मानी आहे, आपली किंमत आपणच ओळखावी असं तिला वाटतं, तेव्हा मोठ्या दुकानाची सोनेरी कुपनं पाठवा, ज्याला हवं त्याने दुकानात जाऊन केक घ्यावेत. आजींनी अर्थ लावला की बाईला लेक उजवायची घाई झाली आहे, तेव्हा उगाच खर्च नको. आजींच्या तीन मुलांतला वायशिंग, म्हणजे लायक्वानचा नवरा, घोड्यांच्या शर्यतीच्या पानामागून म्हणाला होता की कसंही म्हणजे कसंही. आणि लायक्वानही तेच म्हणाली, कारण ती युएन लाँगकडच्या खेड्यातली, तिथे माणूस जे बोलतो तेच त्याला म्हणायचं असतं. तिला या घरात येऊन तेहतीस वर्षं झाली तरी हा दोष गेलेला नव्हता.

त्या दिवशी आजी सुनेच्या बाजूने होत्या. “कुपन कोण खातं?” म्हणाल्या आणि खालच्या हाप हिंगला शंभर डब्यांची ऑर्डर गेली. हाप हिंग म्हणजे नाण्यांत पाव मिळणारं दुकान. संध्याकाळी उरलेले पाव पिशवीत भरून पडत्या भावात विकतात आणि त्यासाठी रांग लागते. पण नवरीचे केक पोक बापाच्या हाताचे करतो, चरबी घालून, थरावर थर.

आज आजी लेकीच्या बाजूला गेल्या.

“पोकच्या दुकानातून पाव आणावेत, केक नाही,” त्या अननस पावाचा साखरेचा पापुद्रा सोलत म्हणाल्या. “त्या बाईने डब्यावरचं नाव वाचलं असणार. स्वस्तातलं स्थळ म्हणून परत पाठवलंन.”

“मी कुपनं म्हणत होते तेव्हा तूच नको म्हणालीस, आई,” फुईयी म्हणाली.

“मी नको म्हटलं. पण तू जोर कुठे धरलास? माणसाने आपल्या म्हणण्याला जोर धरावा.”

फुईयीने वहिनीकडे पाहिलं. आईच्या तावडीत दोघी सापडल्या की त्या दोघींची आपोआप युती होते, हे इतक्या वर्षांत ठरूनच गेलेलं होतं. पण आज फुईयी मनातून खवळलेली होती. तिला वाटत होतं की आपलं ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती, आणि हे वाटणं तिला सोडवत नव्हतं.

तेवढ्यात नवरामुलगा चीलून कामावरून आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, हाताला कायम ग्रीस. दारातच आजींनी त्याला विचारलं की युनतिंगशी भांडलास काय. तो म्हणाला, नाही. काल भेटला होता, चांगली होती, आज ती शिकवते त्या पोहण्याच्या तलावावर मुलांच्या स्पर्धा आहेत म्हणून संध्याकाळपर्यंत फोनवर यायची नाही. डब्यांचं कळल्यावर तो उभ्याचा बसला. मी आत्ता जाऊन विचारतो म्हणाला, तर आजींनी त्याला गप्प केलं. केकांच्या बाबतीत मुलाने तोंड उघडायचं नसतं.

लायक्वान पोराकडे पाहत होती. एकतीस वर्षांचा हा मुलगा, विचारलं तेवढंच सांगणारा. दिवसभर लिफ्टच्या विहिरीत लोंबकळणारा, पण पाण्याला भिणारा. मागच्या उन्हाळ्यात एके दिवशी जेवता जेवता, कुणी काही विचारलेलं नसताना, तो म्हणाला होता, “आई, मला पोहता येतं आता.” लायक्वानचा घास तसाच राहिला होता. ज्या मुलीने त्याला पाण्यात उतरवलं आणि घरी येऊन बोलायला लावलं, ती मुलगी तिला या घरात हवी होती. तिला दुसरं काही नको होतं.

“मी जाऊन विचारून येते,” ती म्हणाली.

“काय विचारणार?”

“डबे परत का पाठवले, ते.”

आजींनी पाव खाली ठेवला. मुलाची आई मुलीच्या दारी जाऊन अशी विचारणा करते हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्से घराण्याचं नाक कापलं जाईल. अर्थ लावायचा असतो, विचारायचा नसतो.

“मग मी पाव आणायला चाललेय,” लायक्वान चपला घालत म्हणाली.

“पाव टेबलावर आहेत.”

“हे पुरायचे नाहीत,” म्हणून ती निघालीसुद्धा. वायशिंगने शर्यतीचं पान जरासं खाली केलं आणि बायकोच्या पाठीकडे कौतुकाने पाहिलं. मग आईचं लक्ष जायच्या आत पुन्हा वर केलं.

मिनीबसमधून उतरल्यावर लायक्वानच्या लक्षात आलं की आपण रिकाम्या हाताने आलो. ती पिशवी घरी टेबलावरच राहिली होती. कुणाच्या घरी रिकाम्या हाताने जाणं म्हणजे न जाण्याहून वाईट. मोकबाईंच्या इमारतीखालीच एक बेकरी होती, तिथे ती शिरली. संध्याकाळची वेळ, शाळा-कचेऱ्या सुटलेल्या, दुकान भरलेलं. तिने ट्रे घेतला, चिमटा घेतला आणि खोबऱ्याच्या पावांच्या मांडणीपाशी उभी राहिली. पाव हाप हिंगपेक्षा लहान होते आणि वर अंड्याचा हात जास्त मारलेला होता, नुसती चमक. ती मनाशी हे ठरवत होती तेवढ्यात पलीकडून ओळखीचा आवाज आला.

“दोन एग टार्ट द्या.”

“मोकताई, संध्याकाळचा भाव लागलाय,” गल्ल्यावरची बाई म्हणाली. “सहा घेतलेत तर पाचाचे पैसे. दोनाला सूट नाही.”

“दोनच द्या.”

“अहो, सहा घ्या की. फुकट एक मिळतंय.”

“सहा कोण खाणार?” मोकबाई म्हणाल्या.

फुईयी तिथे असती तर तिने याचा अर्थ लावला असता की बाई चिकट आहे. आजींनी लावला असता की पोरीचं वजन वाढू नये म्हणून जपते. लायक्वानला अर्थ लावता येत नाही. तिने जे कानावर आलं तेच ऐकलं. सहा कोण खाणार, हा प्रश्न होता, आणि त्याला उत्तर नव्हतं. चिमट्यातला पाव हवेतच राहिला आणि तिच्या डोक्यात शंभर डबे एकदम उघडले.

मोकबाई टार्टचा डबा घेऊन वळल्या आणि समोर विहीण. अंगावर घरातलाच फुलाफुलांचा सदरा, पायात सपाता, हातात दोन टार्ट. आपण पकडले गेलो असं त्यांना वाटलं, कशात ते मात्र कळेना. दुपारी व्हॅन परत गेल्यापासून त्या तशा समाधानात होत्या. आपण रीत सांभाळली, तीही हात राखून नाही, असं त्यांना वाटत होतं. पण विहिणीचा चेहरा काही वेगळंच सांगत होता.

दुकानात बसायला जागा नव्हती. बर्फाच्या पेटीशेजारी कोपऱ्यात दोघी उभ्या राहिल्या.

“डबे परत का पाठवलेत?” लायक्वानने विचारलं.

“परत पाठवायचे असतात ना?”

“थोडे. फार तर निम्मे.”

“तेच ऐकलं होतं मी. निम्मे पाठवले तर शोभून दिसतं म्हणतात,” मोकबाई म्हणाल्या. “म्हटलं, सगळे पाठवले तर आणखी शोभेल. तुम्ही मोठ्या मनाने पाठवलेत, आम्हीही दाखवावं की आम्ही हावरट नाही.”

लायक्वानला हसू येत होतं, पण ते बरं दिसलं नसतं. “ताई, सगळे परत पाठवले म्हणजे लग्न मोडलं.”

मोकबाईंच्या हातातला टार्टचा डबा कलंडला. त्यांनी सावरला. मग तो बर्फाच्या पेटीवर ठेवून दिला. त्या पलीकडून, सरहद्दीच्या त्या बाजूने, विशीत असताना पोहून आल्या होत्या. त्या काळी तिकडे लग्न म्हणजे एक सही आणि भिंतीवरच्या पुढाऱ्याच्या तसबिरीपुढे वाकणं, केक कसले नि डबे कसले. इकडे आल्यावर नवरा भेटला तोही असाच एकटा आलेला, आणि लवकर गेलाही. रीत शिकवायला घरात वडीलधारं माणूस लागतं. ते कुठून आणायचं?

हे त्यांनी सगळं सांगितलं नाही, अर्धं सांगितलं. उरलेलं लायक्वानला दिसलं.

“हे झालं रीतीचं,” लायक्वान म्हणाली. “पण चहाघरात आम्ही आकडा विचारला होता. तो का नाही सांगितलात?”

गल्ल्यावरची बाई सुट्टे मोजत होती आणि कान इकडे होते. मोकबाईंनी आवाज उतरवला नाही. लपवायचं होतं तेवढं लपवून झालं होतं.

“काय सांगू? तुम्ही म्हणालात किती लागतील, म्हणजे नातेवाईक किती. तुमच्याकडची एवढी माणसं टेबलाभोवती बसलेली, त्यांच्यासमोर दोन म्हणू? एक खालच्या वॉचमनला, एक या बाईला. म्हणून म्हटलं, कसंही चालेल. आणि आज सकाळी शंभर डबे आले. खोलीत मावेनात, जिन्यात रचले. समोरची विचारते, एवढे नातेवाईक इतकी वर्षं लपवले होतेस कुठे? माझ्या पोरीला लहानपणापासून एकाही लग्नाचा केक आला नाही, विहीणबाई. नव्या वर्षाला पैशाचं लाल पाकीट एकच, माझं. मला ते डबे दारात नको झाले.”

लायक्वानला सांत्वन करता येत नाही. तिने मोकबाईंचा दंड घट्ट धरला, एवढंच. मग गल्ल्याकडे वळून म्हणाली, “ते सहाचे डबे आहेत ना, त्यातले दोन द्या. खाणारे आहेत.”

घरी आल्यावर तिने टार्ट टेबलावर ठेवले आणि ऐकलं तसं सांगून टाकलं, आपल्या पदरचं काही न घालता. मोकबाईंना सगळे परत पाठवणं जास्त सभ्यपणाचं वाटलं, हे ऐकून वायशिंग इतका हसला की त्याचा चष्मा शर्यतीच्या पानावर पडला. चीलून हसला नाही. तो उठून खिडकीत गेला आणि पाठमोराच उभा राहिला, आणि आईने त्याला तसं राहू दिलं.

आजी मात्र घुश्शातच होत्या. ठीक आहे, म्हणाल्या, गैरसमज झाला, मिटला. डबे पुन्हा पाठवा, त्या बाईला सांगा निम्मे परत कर. उरलेले पन्नास तिने कुणालाही द्यावेत, नाहीतर फेकावेत. तो तिचा प्रश्न.

“फेकायला आपण पाठवतो का?” लायक्वान म्हणाली. “आणि मग लग्नाच्या दिवशी मुलीच्या बाजूच्या टेबलांवर कोण बसणार? वॉचमन?”

फुईयी टार्टच्या कडेचा चुरा बोटाने गोळा करत होती. ती स्वतः व्हँकूव्हरला शिकायला गेली आणि तिथल्याच कचेरीत सही करून लग्न उरकून आली. केक नाहीत, डबे नाहीत, आईच्या मैत्रिणींना पोस्टाने फोटो. त्या वर्षी आजी वर्षभर पत्त्यांच्या टेबलावर गेल्या नव्हत्या. आई त्यावर आजपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि आजींसारखी बाई ज्या गोष्टीवर बोलत नाही ती किती लागलेली असते, हे फुईयीला चांगलं माहीत होतं. मोठ्या दुकानाच्या सोनेरी कुपनांचा हट्टही तिने त्यामुळेच धरला होता. भाच्याच्या लग्नात तरी आईला मिरवता यावं.

“मी मुलीकडची,” ती एकदम म्हणाली.

“म्हणजे?” आजींनी विचारलं.

“म्हणजे मला मोकबाईंकडून डबा यायला हवा. मी, माझा नवरा, दोन मुलं, आणि सासूबाई धरल्या तर वेगळं घर. झाले की नाही नातेवाईक?”

“तू त्से आहेस.”

“मी कुठली त्से? लग्न झालेली लेक म्हणजे बाहेर ओतलेलं पाणी, असं मला कोण सांगत आलंय? पाणी उतार असेल तिकडे वाहणार.”

लायक्वानने नणंदेकडे असं पाहिलं की फुईयी लाजली. मग काय, बांध फुटला. खालच्या मजल्यावरच्या लाऊबाई विचारपूस करायला म्हणून आल्या होत्या, खरं तर टार्टच्या वासावर आल्या होत्या, त्यांनी आपलं नाव मुलीकडे घालायला सांगितलं. वायशिंगच्या मिनीबसच्या स्टँडवरचे दोन ड्रायव्हर तयार होतील, त्यांना फुकटचं काहीही चालतं. चीलूनने फोन करून आपल्या कामावरच्या मुकादमाला विचारलं, मुकादम म्हणाला, आम्ही सगळेच येतो तिकडून, नाहीतरी लग्नाच्या दिवशी मुलीच्या दारात नवऱ्याला अडवून छळायला कोण मिळणार? वायशिंगलाही चेव आला. मीही जाऊ का, म्हणाला.

“तू मुलाचा बाप आहेस. बस खाली,” आजी कडाडल्या.

त्या उठून आपल्या खोलीत गेल्या आणि पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांपुढे उदबत्ती लावून बसल्या. आपलंच घर आपल्या डोळ्यांदेखत रिकामं होताना त्यांनी पाहिलं होतं. जेवायला बोलावलं तर टार्ट खाल्ला, भूक नाही म्हणाल्या. लायक्वानला वाटलं, आता आजींना मनवायला वेळ लागणार. आजी दुखावल्या की आठवडाभर पुरतात.

रविवारी सकाळी हाप हिंगमध्ये उभं राहायला जागा नव्हती. पोकने जिन्याखालचे डबे वर काढून काउंटरमागे लावले होते आणि पाव घ्यायला आलेली गिऱ्हाइकं पाव घेऊनही जात नव्हती. लायक्वानने बोलावल्याप्रमाणे मोकबाई आल्या, बरोबर युनतिंग, केस ओलेच, तलावावरून सरळ आलेली. मोकबाईंनी आज निळा कोट घातला होता. एवढी माणसं आपल्याकडे वळून बघताहेत म्हटल्यावर त्या दारातच थबकल्या, पण लेकीने मागून हलकेच ढकललं.

फुईयी पुढे झाली, मोठ्याने नमस्कार करून म्हणाली, मोकताई, मी तुमच्या बाजूची. मग लाऊबाई. मग ड्रायव्हर, मग मुकादम. प्रत्येकाला पोकने डबा दिला, पण आधी तो मोकबाईंच्या हातात आणि त्यांच्या हातून त्या माणसाला. पहिला डबा त्यांनी नुसताच पुढे केला. पुढे पुढे त्या मुकादमाला मुलं किती विचारू लागल्या, ड्रायव्हरला म्हणाल्या, लग्नाला वेळेवर या, उशीर खपायचा नाही. युनतिंग बाजूला उभी राहून आईकडे बघत होती, आणि तिच्याकडे चीलून.

एवढ्यात गर्दी फाटली. आजी जिना उतरून आल्या होत्या, काळ्या रेशमी जाकिटात, मनगटात हिरवं कडं. हे जाकीट फक्त लग्नाला निघतं. लायक्वानने त्यांच्यासाठी स्टूल पुढे केलं. आजी स्टुलाला वळसा घालून दुकान ओलांडून पलीकडे गेल्या आणि मोकबाईंसमोर उभ्या राहिल्या.

“मी तीन वेळा वरपक्षाकडून उभी राहिले,” आजी म्हणाल्या. “तीन सुना आणल्या. लेक एकच, तिने कागदावर लग्न केलं. नवरीकडची म्हणून कुणी माझ्या दारी केकचा डबा आणला नाही, आणि मी कुणाच्या दारी नेला नाही. फार राहून गेलं ते माझ्या मनात.”

फुईयीने तोंडावर हात धरला. आजींनी तिच्याकडे पाहिलं नाही.

“या मुलीला आजी नाही असं कळलं. नातवाच्या बाजूला माणसं पुष्कळ आहेत. मी आजपासून हिची आजी. चालेल?”

मोकबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं ते त्यांनी पुसलंही नाही. त्यांनी नुसती मान हलवली. युनतिंगने पुढे येऊन आजींचा हात धरला, आणि आजींनी तो पोहणाऱ्या मुलीचा घट्ट हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन ठेवला.

पोकने एक डबा उचलला, मग थांबला. घरच्या थोरल्या बाईला एकच डबा द्यायचा की दोन, हे त्याला कळेना. त्याने सवयीने लायक्वानकडे पाहिलं. ऑर्डर तिची होती, पैसे तिने दिलेले होते.

“आठ द्या,” मोकबाई म्हणाल्या.

“आठ?” पोक म्हणाला.

“आठ. आमच्याकडच्या थोरल्या आहेत त्या. मग बाकीचे मोजा, निम्मे मुलाकडे परत जायचे आहेत.”

लायक्वानच्या तोंडून निघून गेलं की आठ डबे म्हाताऱ्या माणसाला जिन्याने चढवणार कोण, आणि आजींना चरबीचं सोसतही नाही, दोन पुष्कळ झाले.

मोकबाई तिच्याकडे वळल्या. डोळे अजून ओले होते, पण मान ताठ होती.

“विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “हे आमच्या घरातलं आहे. वरपक्षाने मध्ये बोलू नये.”

लायक्वान गप्प बसली. तेहतीस वर्षांत तिला पुष्कळांनी गप्प बसवलं होतं, पण इतक्या आनंदाने ती कधीच गप्प बसली नव्हती.